सव्वा मूठ गहू

तारवेळ,
१३ जून

ती. प्रमिलाकाकूस योगराजचा नमस्कार.

काकू, पत्र पाहून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. फोन लागत नाही, कारण टॉवरच आडवा झालाय, आणि वीज कधी येईल ते वीजवाल्यांनाही ठाऊक नाही. ग्रामसेवक उद्या होडीने पलीकडे उतरून चालत तालुक्याला निघालेत, त्यांच्या खिशात हे पत्र घालतोय.

वादळ येऊन गेल्याला आज दहा दिवस झाले. तू टीव्हीवर मुंबईचं पाहिलं असशील. तारवेळचं कुणी दाखवणार नाही, कारण इथवर कॅमेरा यायला रस्ताच उरला नाही. खाडीवरचा छोटा पूल वाहून गेला, आता होडीनेच ये-जा. माझ्या शाळेचे पत्रे उडून खाडीत पडले. त्यातले चार सापडले, तेही चुरगळलेले. नारळ आणि सुपारीच्या बागा मुळासकट आडव्या झाल्यात. घरं पडली तेव्हा इथली माणसं रडली नाहीत, बागा पाहून रडली. सुपारीचं झाड धरायला सात-आठ वर्षं लागतात म्हणे.

आता खरं कारण सांगतो. परवा सगळे देवळात जमले होते. सरकारी तांदूळ येऊन गेला, पंचनामे झाले, पुढे काय ते कुणालाच सुचेना. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी माणसं सुरतेला आहेत. मोठं मंडळ आहे आमचं. मी लिहितो त्यांना."

काकू, अकरा वर्षं मी या गावात मास्तर आहे. मान देतात, पण मी घाटावरचा, परका. कुणी वाईट वागत नाही आणि कुणी जेवायलाही बोलवत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आता मागे फिरायची सोय नाही. सुंदराबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, मासळी विकतात. त्या रोज सकाळी शाळेशी थांबून विचारतात, "मास्तर, सुरतेचं काय झालं?"

खरं तर सुरतेतलं माझं माणूस म्हणजे तू. आई-बाबा गेल्यावर कानबाई देवीच्या रोटाला माझ्या नावाची गव्हाची मूठ धरणारी तू एकटीच. मंडळातलं मला कोण ओळखणार? तरी विचारून बघ. नाही जमलं तर तसं लिही, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेईन.

तुझा,
योगराज

*

उधना, सुरत
२७ जून

चि. योगराज, तुला उदंड आयुष्य.

पोस्टमनने तुझं पत्र दारात टाकलं तेव्हा शेजारची वर्षा म्हणाली, "मावशी, कोर्टाची नोटीस आली का काय?" आता असं पत्र कुणाला येतं? मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा लावून.

वेळ मारून नेईन म्हणे! लहानपणी गणित चुकलं की पाटी पालथी घालायचास, अजून तसाच आहेस. ऐक आता काय झालं ते.

रविवारी आपल्या खानदेशी मंडळाची बैठक असते. पुरुष आत बसतात, बायका बाहेर ओट्यावर. मी आत गेले. कानबाईच्या मिरवणुकीला यंदा बँड कुठला आणि डीजे कुठला, हे चाललं होतं. मी तुझं पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, यंदा बँड नको, ते पैसे तारवेळला पाठवा. लोटूअण्णा अध्यक्ष. ते म्हणाले, "वहिनी, तुन्हं म्हननं बरोबर शे, पन बँडबिगर कानबाई कशी निंघी?" मी म्हटलं, "देवी आपला पायसवर चालस, तिले बँड लागत नही." कुणी हसलं, कुणी मान खाली घातली. तासभर वाद झाला. शेवटी बँड गेला, ताशा राहिला.

मग वर्षा आणि मी एक डागी साडी चार टोकांनी धरून गल्लोगल्ली फिरलो. त्या साडीला मी टिकल्या लावत होते, गोंद सांडला म्हणून शेठने परत घेतली नव्हती. लोकांनी तिच्यात नोटा टाकल्या, डाळ टाकली, एका उडिया पोराने पगाराच्या दिवशी साबणाची अख्खी वडी टाकली. शेठकडे गेले तर म्हणतो, "मासी, साडी लई जाओ, पैसानी वात पछी." पैशांचं नंतर म्हणे. घेतल्या साड्या. नव्या आहेत, फक्त काठ उसवलेत. पैसे किती ते मंडळाच्या चिठ्ठीत लिहिलंय.

पोती बांधायचे दोन दिवस मी तापाने पडून होते. पण आपल्या भिकनने सगळं पाहिलं. कामावरून सुट्टी काढून टेम्पोत पोती त्यानेच चढवली. गायत्रीने मला पेज करून घातली. सूनबाई चांगली आहे हो माझी. माझ्या घरचा गहूही दिलाय. वर्षाला म्हटलं, फडताळाखालच्या डब्यातला काढून घे.

लोटूअण्णांना फोटो हवाय. मंडळाचं बॅनर पोत्यांत घातलंय. धर बाबा एकदा छातीशी.

पाठीवर हात फिरवून,
काकू

*

तारवेळ,
१० जुलै

ती. काकूस नमस्कार.

पोहोचलं! सगळं पोहोचलं. ट्रक पलीकडच्या तिठ्यावर थांबला आणि तिथून होड्या लावून माणसांनी पोती आणली. मंडळाच्या पैशांतून आधी शाळेचं छप्पर घालायचं असं गावाने ठरवलं. मी नाही, गावाने. मी तेव्हा खडू शोधायचं निमित्त करून आत गेलो.

पोती आणताना पावसाची सर आली आणि बहुतेक गहू भिजला. तो शाळेच्या ओसरीवर पसरून ठेवलाय, वाचेल. एक पांढरी पिशवी मात्र प्लॅस्टिकमध्ये नीट बांधलेली होती, ती कोरडी राहिली. गहू असा की एक खडा नाही, एक काडी नाही. सकाळपासून सगळे राबत होते, पोटात कुणाच्या काही नव्हतं. इथली माणसं भाताची. गव्हाचं काय करायचं ते एकट्या मलाच ठाऊक. गिरणीला वीज नाही. सुंदराबाईंकडे जातं होतं, त्यांनी दळलं, मी पीठ मळलं, पडलेल्या माडाच्या लाकडावर जाड भाकऱ्या भाजल्या. तव्यावर करपल्या, आतून कच्च्या राहिल्या. सुंदराबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्याकडं रोज असलं खातात? दात कसे राहिले तुमचे?"

प्रत्येकाला चतकोर आला. त्रेसष्ट माणसं होती. मी मोजली, मास्तरची सवय. काकू, अकरा वर्षांत मी या गावात पहिल्यांदा पंगतीला बसलो, आणि तीही माझ्या हातच्या भाकरीच्या.

भिकनचे आभार मान. मी पण मानीन, टॉवर उभा राहतोय. साड्या बायकांनी वाटून घेतल्या. सुंदराबाई नऊवारी नेसतात, त्यांनी दोन जोडून एक केली. बॅनर धरून फोटो काढलाय, त्यात माझं अर्धंच तोंड दिसतं.

तुझा,
योगराज

*

उधना,
१७ जुलै

योगराज,

तुझं पत्र कालच आलं. आधी छपराचं वाचून डोळे भरले, आणि मग पांढऱ्या पिशवीपाशी येऊन पत्र खाली ठेवलं. उठून फडताळाखालचे डबे उघडले. साधा गहू होता तिथे आहे. रोटाचा नाही.

अरे, तो कानबाईचा गहू होता. तापात मी काय बोलले आणि वर्षाने काय ऐकलं कोण जाणे. तिला तरी काय दोष द्यायचा, ती लातूरकडची, तिला आपली रीत काय ठाऊक.

पिशवीवर हळदीकुंकवाची पाच बोटं होती. तुला दिसली नाहीत? कागदात बांधलेली सुपारी होती आत. ती तरी दिसली असेल?

तू विसरला असशील म्हणून सांगते. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. त्याचे रोट. ते खायचे फक्त भाऊबंदांनी, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही, लग्न झालेल्या लेकीलाही नाही. एकतीस नावांचा गहू होता तो. त्यातले किती गेले, किती धुळ्याला, किती नाशकाला. माणसं येवोत न येवोत, तुझे काका म्हणायचे, मूठ मोडायची नाही. आणि हा गहू आपल्या शेतातला शेवटचा. अक्षय्य तृतीयेला धाकट्या दिरांनी शेत विकलं. आता तसा गहू कुठून येणार?

तुला एक सांगते, मनात ठेव. भिकन यंदा रोटाला येणार आहे. येईलच. माणूस आईचं बोलावणं टाळेल, कानबाईचं टाळत नाही. लहानपणी त्याच्या रोटावर जास्तीचं तूप घालायचे, ते त्याला आठवत असेल. म्हणून तर मी एक एक दाणा निवडला होता.

तू लिहिलंस ती पिशवी दुसरी कुठली असेल तर लगेच कळव. कुणाच्या हाती परत पाठव. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, दिवस थोडे आहेत.

काकू

*

तारवेळ,
२३ जुलै

ती. काकू,

दुसरी पिशवी नाही. तीच होती.

आणि मला पाच बोटं दिसली होती. सुपारीही मिळाली. पिशवी उघडली तेव्हाच मी ओळखलं की हा रोटाचा गहू आहे. आईच्या हातची अशी पिशवी मी लहानपणी पाहिलेली आहे. मी गप्प बसलो. मागच्या पत्रात लिहिताना पण गप्प बसलो. खाडीतून पोती वाहून माणसं ओसरीवर टेकली होती, आणि सुंदराबाई जातं पुसत होत्या. त्यांना मी काय सांगणार होतो? की हे तुमच्यासाठी नाही, तुम्ही बाहेरचे? अकरा वर्षं ज्या शब्दाचा मला त्रास झाला, तोच मी त्यांना लावायचा? मनात म्हटलं, यात माझीही सव्वा मूठ आहे, तेवढ्या जोरावर देवीचा राग मी घेईन. पण बाकीच्या तीस मुठी माझ्या नव्हत्या. भिकनची तर नव्हतीच. मला क्षमा कर. नाही केलीस तरी समजेन.

तुझं पत्र आल्यावर मी गावाला सगळं सांगितलं. सुंदराबाईंचा चेहरा उतरला. "मास्तर, तुमी आदी सांगायचं होतं. दुसऱ्याच्या देवीचं खाल्लं आमी." इथे देवाच्या बाबतीत माणसं फार जपून असतात. संध्याकाळी देवळात गाऱ्हाणं घातलं. पुजारी बोलत होते, "सुरतेच्या माउलीच्या घरचं अन्न अजाणता आमच्या मुखी लागलं, ते गोड मानून घे," आणि मागे सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणत होते. मी पण म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, तुमच्यात याला उपाय काय? मला उपाय माहीत नाही. मी एवढंच म्हणालो की रोट खातो तो भाऊबंद, अशी आमची रीत. कुणी हसलं नाही. सुंदराबाई म्हणाल्या, "मग आमची नावं पाठवा त्या बाईला. कोणी खाल्लं ते कळू दे तिला."

म्हणून सोबत यादी आहे. हजेरीच्या कागदावर लिहिली, दुसरा कोरडा कागद नव्हता. आणि एक नारळ आहे. वादळात पडलेल्या माडाचा, सोलून शेंडी ठेवलेला. देवी बसवायला होईल. स्पीड पोस्टाने पाठवतोय, देवीच्या आधी मिळावा.

तुझा अपराधी,
योगराज

*

उधना,
१० ऑगस्ट

योगराज,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं. एकदा रागाने फाडलं. दुसऱ्यांदा कशाने ते माहीत नाही.

नारळ शुक्रवारी आला. रविवारी तोच बसवला. नथ घातली, तुझ्या काकांनी पहिल्या दिवाळीच्या बोनसची केलेली. गहू दुकानातून आणला. एकतीस नावांच्या मुठी धरल्या. दुकानातला गहू हाताला वेगळा लागतो, पण लागू दे. खीर, पुरणपोळी, लाल भोपळ्याची भाजी, सगळं केलं. भिकनच्या रोटावर तूप जास्त घातलं.

सकाळी दहाला स्वयंपाक झाला. बाराला दार उघडं ठेवून बसले. चारला खीर पुन्हा गरम केली. सहाला मिरवणुकीचा ताशा ऐकू आला तेव्हा मी दार लोटलं.

भिकन आला नाही. आता तुला खरं सांगते. तो तीन वर्षांत आला नाही. पोती त्याने चढवली नाहीत. वर्षाच्या नवऱ्याने आणि दोन हमालांनी चढवली. पेज वर्षाने केली. गायत्रीने माझ्या घरी पाणीसुद्धा घेतलेलं नाही, कारण मी तिला घेऊच दिलं नाही. तुझे काका गेल्यावर भिकन म्हणाला, ही खोली विकू आणि बमरोलीला मोठं घर घेऊ, सगळे एकत्र राहू. मी म्हटलं, बापाची राख थंड व्हायच्या आत खोली विकायला निघालास, बायकोने शिकवलं का? सगळ्यांसमोर म्हटलं. दोन पोरं जाऊन हा राहिला म्हणून त्याचं नाव भिकन ठेवलं होतं, देवीकडे भीक मागून मिळाला म्हणून. आणि त्यालाच मी दारातून परत पाठवला. आता तो बमरोलीलाच राहतो. किती लांब? रिक्षाने अर्धा तास. तीन वर्षांत माझ्याने तो अर्धा तास काही झाला नाही. तुला पत्रात तो चांगला लिहिला, म्हणजे निदान कागदावर तरी तो माझ्याजवळ होता.

एकतीस नावांचे रोट मी एकटीने खाल्ले. सहा दिवस, दोन्ही वेळा. तिसऱ्या दिवशी गिळेना, तर दुधात भिजवून खाल्ले. वर्षाची मुलं दारात येऊन वास घ्यायची. मी दार लावायची. इतकी लाज मला कधी वाटली नाही. काल पौर्णिमा झाली. उरलेले गाईला घातले. आपल्या रीतीत गाईला चालतं, माणसाला नाही.

गाय खात होती आणि मला तुझी पंगत आठवली. त्रेसष्ट जणांनी चतकोर चतकोर खाऊन एका दिवसात संपवले. माझ्या घरी सहा दिवसांत संपले नाहीत. मग कुणाचं चुकलं म्हणायचं? घरी येऊन नारळ हलवायच्या आधी तुझी यादी त्याच्यासमोर वाचली. काही नावं जमली नाहीत. सुंदराबाईचं नाव सगळ्यात वर आहे, ते चांगलं केलंस.

तुझ्यावर राग आहे. पण पत्र लिही.

काकू

*

तारवेळ,
२१ ऑगस्ट

ती. काकू,

तुझं पत्र मी शाळा सुटल्यावर वाचलं आणि तिथेच बसून राहिलो.

आता माझंही एक लपवलेलं सांगतो. भिकनचं मला माहीत होतं. जुलैत टॉवर सुरू झाला त्या दिवशी आभार मानायला मी त्याला फोन केला. त्याला टेम्पोचं काही ठाऊकच नव्हतं. त्याने मला तेच दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "तिने असं सांगितलं? मी पोती चढवली म्हणून?" मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, "ती अजून टिकल्या लावते का? डोळे दुखायचे तिचे." एवढंच. फोन ठेवताना म्हणाला, मी विचारलं म्हणून सांगू नकोस. मी शब्द पाळला, आणि आज मोडतोय. तू सहा दिवस एकटीने रोट खाल्लेस हे वाचल्यावर कसला शब्द?

शाळेचं छप्पर झालं. नवे पत्रे आहेत, पाऊस पडला की मला वर्गात ओरडून शिकवावं लागतं. गावात आता माझं नाव बदललंय. मला "रोटवाले मास्तर" म्हणतात. गेल्या आठवड्यात तीन घरांतून जेवायचं बोलावणं आलं. धुळ्याला बदलीचा अर्ज मी दर वर्षी भरतो, यंदा तारीख निघून गेली आणि मला दोन दिवसांनी आठवलं.

सुंदराबाईंचा निरोप आहे, त्यांच्याच शब्दांत लिहितो: "त्या बाईला सांगा, एकटीनं खाऊ नको. पुढच्या साली इकडं ये. देवी इथं बसव. आमी जेवायला हाव." तू पस्तीस वर्षं सुरतेत राहून समुद्र पाहिला नाहीस म्हटल्यावर त्यांना खरंच वाटेना. ये काकू. मी तिठ्यावर घ्यायला येईन.

तुझा,
योगराज

*

उधना,
५ ऑगस्ट, पुढल्या वर्षी

चि. योगराज, सुखी राहा.

वर्षभर तुझी पत्रं येत राहिली आणि मी वर्षाच्या फोनवरून "बरी आहे" एवढंच सांगत राहिले. आज नीट लिहिते. यंदा अधिक महिन्याने कानबाई पुढे गेली, हातात दोन आठवडे आहेत.

आधी कामाचं. सोबत गव्हाचं पोतं येतंय. हे चुकून नाही. बाहेरून हळदीकुंकवाची पाच बोटं मी स्वतः उठवली आहेत. तुझ्या यादीवरून एका एका नावाने सव्वा मूठ धरली. आपल्यात पुरुषांचीच धरतात, मी बायका-पोरांचीही धरली, सुंदराबाईंची पहिली. देवीला चालेल का ते कुणाला विचारलं नाही. लोटूअण्णांना कळलं तर ते बैठक बोलावतील, तेव्हा त्यांना सांगूच नको. आधीच्या एकतीसांत जे जिवंत आहेत, त्यांच्याही धरल्या. तुझी धरली. गहू दुकानातला आहे, पण महिनाभर निवडलाय. रोट कसे करायचे ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. गेल्या वेळसारखे कच्चे ठेवू नकोस. सुंदराबाईंना कर म्हणावं, तू लांब राहा.

आता तुझं बोलावणं. मी येणार होते. तिकीट काढायला वर्षाच्या नवऱ्याला पैसे दिले होते. समुद्राकाठी कुठल्या चपला चालतात ते पण विचारून ठेवलं. वर्षा म्हणाली, "मावशी, चावी माझ्याकडे ठेवा, काळजी करू नका." मी चावी तिच्या हातात दिली आणि तिथेच माझं मन फिरलं.

मार्चमध्ये मी बमरोलीला गेले होते. तुला सांगितलं नाही. घर सापडलं. खाली उभी राहिले. गॅलरीत गायत्री कपडे वाळत घालत होती, तिने मला पाहिलं, आत गेली आणि परत बाहेर आली. भिकन कामावर होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी वर गेले नाही. तिनेही बोलावलं नाही. पण मी निघाले तेव्हा वरून हाक आली, "आई, रोट कधी आहेत यंदा?" मी तारीख सांगितली. ती "बरं" म्हणाली. येतो म्हणाली नाही. फक्त बरं.

तेव्हा तूच सांग, मी तारवेळला कशी येऊ? समज, त्या रविवारी भिकन आला आणि त्याला दाराला कुलूप दिसलं, तर? तो पुन्हा यायचा नाही. नाही आला तर नाही आला, मी दार उघडं ठेवून बसेन, त्याची मला सवय आहे.

सुंदराबाईंना माझा राग येऊ देऊ नकोस. त्यांना सांग, तुमच्या पंगतीत माझं पान मांडा आणि माझा चतकोर तुम्ही खा. त्या दिवशी तिकडे एवढी माणसं माझ्या नावाने जेवतील, हे मला इथे बसून पुरेल. पुरेल असं वाटतं.

देवी इथे बसवणार, तुमचाच नारळ जपून ठेवलाय. रोट मात्र यंदा इथे एकाच मुठीचे होतील. पोतं शिवून झाल्यावर लक्षात आलं की भिकनची मूठ मी त्यात घातलीच नव्हती. हातात तशीच राहिली होती. मग ती परत उसवून घातली नाही. फडताळाखाली डब्यात ठेवली आहे, सव्वा मूठ, आणि डब्यावर वर्षाला दिसेल असं मोठ्या अक्षरात लिहिलंय: हा द्यायचा नाही.

तुझी,
काकू